स्वतंत्र कोणापासून? महाडच्या नगरपालिकेचा धडा

ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका जवळ आल्या की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येते. "या वेळी पक्षबिक्ष नको, एखादा चांगला अपक्ष बघू." त्याला जोडूनच दुसरे वाक्य येते. "माणूस असा पाहिजे की जो सगळ्यांना चालेल. ना इकडचा, ना तिकडचा." बोलणारे लोक प्रामाणिक असतात. आपल्या नावाने चालणाऱ्या पक्षांचे तुकडे त्यांनी पाहिलेले असतात. निळा झेंडा घेऊन मते मागणारे निकालाच्या रात्री कोणाच्या बंगल्यावर गेले, हेही त्यांना ठाऊक असते. त्यामुळे त्यांच्या या बोलण्याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही.

पण चळवळीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न इतिहासासमोर ठेवून तपासला पाहिजे. स्थानिक पातळीवर अपक्ष आणि मध्यममार्गी माणूस खरोखरच जास्त चांगला पुढारी ठरतो का? हे तपासायला आम्ही मुद्दाम महाड हे गाव निवडले आहे. महाड आपल्याला क्रांतिभूमी म्हणून माहीत आहे. दरवर्षी 20 मार्चला आपण तिथे जातो, पाण्याला हात लावतो, अभिवादन करून परत येतो. पण महाड ही एका नगरपालिकेचीही गोष्ट आहे, आणि त्या नगरपालिकेने जे केले ते आजच्या प्रत्येक वॉर्डातल्या कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखे आहे.

एकट्या सदस्याची खुर्ची

महाडच्या स्थानिक राजकारणात आपला माणूस पहिल्यांदा दिसतो तो 1895 साली. महाडजवळच्या रावढळ गावचे, लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. वलंगकर हे काही साधे नाव नव्हते. 1888 मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी अस्पृश्यतेला धर्माचा आधार कुठे आहे, असा जाहीर सवाल केला होता. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था त्यांनी उभी केली होती. जोतीरावांच्या सत्यशोधक विचारांचा वारसा त्यांच्याकडे होता.

त्यांची नेमणूक होताच बोर्डावरच्या सवर्ण सदस्यांना ती खुपली. अस्पृश्य माणूस आपल्या बरोबरीने सभेत बसणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. वर्तमानपत्रांतून त्यावर वाद झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वलंगकर हे कोणत्याही राजकीय पक्षाचे नव्हते. तेव्हा आपल्या लोकांचा पक्षच नव्हता. त्यांना आपल्या मतदारांनी निवडून दिलेले नव्हते, कारण आपल्या लोकांना मतच नव्हते. सरकारने नेमले म्हणून ते बोर्डावर गेले. विद्वत्ता होती, धैर्य होते, चारित्र्य होते. चांगल्या उमेदवाराकडून आज आपण जे जे मागतो ते सगळे त्यांच्याकडे होते. नव्हते ते एवढेच, की त्या सभागृहात त्यांच्या बाजूने हात वर करणारा दुसरा माणूस आणि सभागृहाबाहेर त्यांच्या मागे उभा राहणारा मतदार.

वलंगकर 1900 साली वारले. त्यांचे विचार मेले नाहीत, ते पुढच्या पिढीने उचलले. पण लोकल बोर्डातल्या त्या एका खुर्चीने महाडचे पाणवठे उघडले नाहीत. एकटा चांगला माणूस सत्तेच्या जागी बसवला की काम होते, या समजुतीला महाडने दिलेले हे पहिले उत्तर आहे.

ठराव होतो

पुढचा टप्पा आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण तो नगरपालिकेच्या बाजूने पुन्हा वाचू या. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. सरकारने त्याप्रमाणे आदेश काढले. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर केले. सुधारक विचारांचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांचे नाव या घटनेशी कायमचे जोडलेले आहे, आणि ते आदराने जोडलेले आहे.

आता ही नगरपालिका कशी होती ते बघा. त्या काळी अशा लहान गावांच्या नगरपालिकांत आजच्यासारख्या पक्षाच्या चिन्हावर निवडणुका होत नसत. वकील, व्यापारी, सावकार, जमीनदार अशी गावातली वजनदार माणसे आपापल्या प्रतिष्ठेवर निवडून येत. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर सभागृह अपक्षांचेच होते. प्रत्येक जण स्वतःपुरता स्वतंत्र. वर पक्षश्रेष्ठी नाहीत, खाली पक्षशिस्त नाही. "पक्षाच्या राजकारणाने गावाचा विकास अडतो" असे जे आज म्हणतात, त्यांना हवी तशी ही संस्था होती.

या संस्थेने एक चांगला ठराव केला. त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण ठराव झाला आणि कागदावर राहिला. 1924 गेले, 1925 गेले, 1926 गेले. तळ्यावर कुत्री-मांजरे पाणी पीत होती, मुसलमान आणि ख्रिस्ती पाणी घेत होते, आपला माणूस मात्र तळ्याकडे वळू शकत नव्हता. बोले यांना 1926 मध्ये कायदेमंडळात पुन्हा ठराव मांडावा लागला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. महाडच्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी नगरपालिकेचा एकही शिपाई तळ्याच्या पायरीवर उभा राहिला नाही.

ठराव झाला तो एका सुधारक अध्यक्षाच्या आग्रहाने आणि वरून आलेल्या सरकारी आदेशाने. तो पाळला जावा म्हणून सभासदांवर दाब ठेवणारे कोणी नव्हते. चांगुलपणा आणि दाब या दोन गोष्टींत फरक आहे. चांगुलपणाने ठराव होतो. तो अमलात येतो दाबाने.

ठराव मागे घेतला जातो

तो दाब शेवटी आपल्या लोकांनीच तयार केला. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद उभी केली. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी परिषद भरली. अनंतराव चित्रे यांच्या सूचनेनंतर हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. नगरपालिकेचा तीन वर्षे धूळ खात पडलेला ठराव त्या दिवशी लोकांनी स्वतः अमलात आणला.

त्यानंतर हल्ला झाला. 'आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी आवई उठवून परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण करण्यात आली. शेण, गोमूत्र घालून तळे 'शुद्ध' करण्यात आले. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी महाड नगरपालिकेने 1924 चा ठराव रद्द केला.

तारीख पुन्हा वाचा. 4 ऑगस्ट 1923 ला बोले ठराव झाला होता. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, महाडच्या सभागृहाने माघार घेतली. हे करायला कोणा पक्षश्रेष्ठींचा हुकूम आला नव्हता. कोणत्याही पक्षाचा व्हिप निघाला नव्हता. स्वतंत्र सदस्यांनी, स्वतंत्रपणे, गावातल्या सवर्णांचा कल पाहून हात वर केले.

आणि एवढ्यावर थांबले नाही. डिसेंबर 1927 मध्ये सत्याग्रह पुन्हा होणार हे कळताच गावातले सवर्ण कोर्टात गेले. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे, असा दावा करून त्यांनी 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सार्वजनिक तळे एका रात्रीत खाजगी झाले! 25 डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपाला गावातला एकही सवर्ण जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. कोर्टाचा मान राखून बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे थांबवले आणि त्याच मंडपासमोर मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला मात्र दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. तळे नगरपालिकेचेच होते, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढी सवर्ण सिद्ध करू शकले नाहीत. म्हणजे 1924 च्या ठरावाने जे मान्य केले होते तेच कोर्टाने तेरा वर्षांनी पुन्हा सांगितले.

ते सदस्य कोणाला जबाबदार होते?

येथे आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. महाडचे ते सदस्य सगळेच दुष्ट होते असे आम्हाला म्हणायचे नाही. त्यांच्यात काही मवाळ असतील, काही मनातून सुधारणेच्या बाजूचेही असतील. पण नगरपालिकेत मताचा हक्क तेव्हा कराला आणि मालमत्तेला बांधलेला होता. ज्यांच्या मतावर ते निवडून आले, ज्यांच्याशी त्यांचा धंदा होता, ज्यांच्या घरी लग्नकार्याला त्यांना बसायचे होते, ते सगळे सवर्ण होते. तळ्यावर पाणी मिळाले नाही म्हणून ज्यांचा घसा कोरडा पडत होता त्यांचे एकही मत या सदस्यांना मिळवायचे नव्हते.

मग हे सदस्य स्वतंत्र होते का? होते. ते पक्षापासून स्वतंत्र होते, शिस्तीपासून स्वतंत्र होते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या लोकांपासून स्वतंत्र होते. जातीपासून मात्र ते स्वतंत्र नव्हते. पक्षाचे बंधन काढून टाकले की माणूस मोकळा होतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात, पक्षाची दोरी सुटली तरी जात, भावकी, ठेकेदारी आणि सावकारी यांच्या दोऱ्या जागच्या जागी असतात, आणि त्या अधिक घट्ट असतात. समाजशास्त्र शिकताना आम्हाला जी सत्तेची अनौपचारिक रचना पुस्तकातून समजावून सांगितली गेली, ती महाडच्या लोकांना 1927 मध्येच अनुभवाने कळली होती.

'मध्यममार्गी' या शब्दाचेही तेच. मध्य नेहमी दोन टोकांवरून ठरतो, आणि टोके कुठे रोवायची हे बलवान ठरवतो. 1927 च्या महाडमध्ये एक टोक होते 'अस्पृश्यांना तळ्यावर पाणी पिऊ द्या' आणि दुसरे टोक होते 'पिऊ देऊ नका'. यातला मध्य कोणता? ठराव करा पण अंमल करू नका, हाच तो मध्य. 1924 ते 1927 महाड नगरपालिका अगदी मध्यावरच उभी होती. जेव्हा लोक प्रत्यक्ष पाण्यापर्यंत गेले, तेव्हा मध्यावर उभे राहणे अशक्य झाले आणि सभागृह ज्या बाजूला आधीपासून झुकलेले होते त्या बाजूला पडले.

काही मित्र येथे तथागतांच्या मध्यम मार्गाचा दाखला देतात. बौद्ध म्हणून आम्हाला हे स्पष्ट केले पाहिजे की तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला तो सुखोपभोग आणि देहदंड या दोन अतिरेकांच्या मधला. न्याय आणि अन्याय यांच्या मधोमध आसन मांडून बसा, असे त्यांनी कुठेही शिकवलेले नाही. संघात प्रवेश देताना त्यांनी उपालीला अर्धा प्रवेश दिला नव्हता.

टिपणीस आणि चित्रे यांनी काय केले?

आता कोणी विचारेल, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे हे तर आपल्या जातीचे नव्हते, तरी ते आपल्यासाठी लढले. मग सर्व समाजांना चालणारा चांगला माणूस असू शकतो ना? असू शकतो. पण या माणसांचा प्रवास नीट बघा. ते मध्यावर राहिले नाहीत. स्वजातीयांचा रोष पत्करून ते एका बाजूला आले. आणि पुढे ते एकटे, अपक्ष, सत्पुरुष म्हणूनही राहिले नाहीत. ते एका संघटनेत आले.

ऑगस्ट 1936 मध्ये बाबासाहेबांनी पक्ष स्थापन केला. त्याचे नाव होते स्वतंत्र मजूर पक्ष. या नावातला 'स्वतंत्र' हा शब्द आपल्या आजच्या चर्चेसाठी फार मोलाचा आहे. काँग्रेसपासून स्वतंत्र, भांडवलदारांपासून स्वतंत्र, सरकारपासून स्वतंत्र. पण तो होता पक्ष. स्वातंत्र्य एकेका उमेदवाराच्या अंगावर न टाकता बाबासाहेबांनी ते संघटनेला दिले. उमेदवार मात्र बांधलेला होता. जाहीरनाम्याला, कार्यक्रमाला, मजुराला आणि कुळाला. त्याहीआधी, 1927 मध्ये ते कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून गेले तेव्हा त्यांच्यामागे पक्ष नव्हता हे खरे. पण 1924 पासूनची बहिष्कृत हितकारिणी सभा होती, आणि लवकरच 'बहिष्कृत भारत' आणि महाडला चालत आलेली माणसेही पाठीशी आली.

1937 च्या निवडणुकीत या पक्षाने मुंबई प्रांतात 17 उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. टिपणीस, चित्रे आणि श्यामराव परुळेकर हे राखीव नसलेल्या जागांवर याच पक्षाच्या तिकिटावर कायदेमंडळात गेले. ज्या वर्षी तळ्याचा निकाल लागला त्याच वर्षी महाडच्या तळ्याशी नाव जोडलेला माणूस कायदेमंडळात बसला, आणि या वेळी त्याच्या मागे संघटना होती.

या उमेदवारांना कोकणातल्या कुणब्या-आगऱ्यांची मते का मिळाली? ते 'सगळ्यांना चालणारे' होते म्हणून नव्हे. खोतांना ते मुळीच चालत नव्हते! कुलाबा जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 पासून खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप सुरू केला होता. नारायण नागू पाटील त्याचे नेतृत्व करत होते आणि चित्रे त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. बाबासाहेब स्वतः तिथे जाऊन आले. हा संप सहा वर्षे चालला. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर गेला. विधेयक तेव्हा संमत झाले नाही, पण प्रश्न पुन्हा दबला नाही. 1949 मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला.

इतर समाजांची मते मिळवायची म्हणजे मवाळ व्हायचे, हा समज या इतिहासाने खोटा ठरवला आहे. समान हिताचा प्रश्न धरला आणि त्यावर ठाम उभे राहिले की कुणबी, आगरी, महार एका मोर्चात चालतात. मध्य शोधणे आणि माणसे जोडणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की गावपातळीवर गटार, रस्ता, पाणी, दिवाबत्ती एवढेच प्रश्न असतात. त्यात विचारधारा कशाला? आमचे उत्तर एका ओळीचे आहे. चवदार तळे हा पाण्याचाच प्रश्न होता. नळाची लाइन कोणत्या आळीतून न्यायची, रस्त्याचे डांबर वस्तीच्या कमानीपाशी का संपते, स्मशानभूमीची जागा कोणत्या सर्व्हे नंबरात दाखवायची, हे सगळे राजकारणच आहे. ज्याला यात राजकारण दिसत नाही त्याच्या दारात बहुधा नळ आधीच आलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एखाद्या वॉर्डात किंवा गावात आपली मते थोडी असतात, मग सर्वांना चालणारा उमेदवार दिल्याशिवाय जिंकणार कसे? हा प्रश्न पुणे करारानंतर बाबासाहेबांसमोर उभाच होता. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरचा माणूसही शेवटी बहुसंख्याकांच्या पसंतीने ठरतो, हे दुखणे त्यांनी पुनःपुन्हा मांडले. 1952 मध्ये उत्तर मुंबईतून खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर राखीव जागेवर निवडून आले. घटनेचा शिल्पकार 'चालला' नाही, काजरोळकर चालले. तेव्हा 'सर्वांना चालणारा' या शब्दांतले 'सर्व' म्हणजे कोण, हे आधी विचारले पाहिजे. युती करावी लागेल, इतरांची मते मागावी लागतील, हे मान्यच आहे. पण युती संघटनेने संघटनेशी, जाहीर अटींवर करायची असते. एकट्या अपक्षाने रात्री दार लावून केलेला सौदा ही युती नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्यालाच लागतो आणि तो टाळता येणार नाही. आपल्या पक्षांनी तरी काय दिवे लावले? 3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत त्यात फूट पडली. 1967 नंतर काँग्रेसशी झालेल्या समझोत्यांत काही जागा मिळाल्या आणि बाणेदारपणा गेला. गटातटांची यादी आज तोंडपाठ करणे कठीण झाले आहे. हे सगळे खरे आहे. पण त्याच पक्षाने कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हेही तितकेच खरे आहे. आया-बहिणी लेकरे काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. पक्ष लोकांच्या ताब्यात होता तोवर तो लढला, पुढाऱ्यांच्या ताब्यात गेला तेव्हा तो विकला गेला. म्हणून रोग संघटना असण्यात नाही, संघटनेवर लोकांचा ताबा नसण्यात आहे. यावर अपक्ष हा इलाज कसा होईल? अपक्षावर तर ताबा ठेवायला संघटनाच नसते. पक्ष फुटायला निदान चार माणसे लागतात, अपक्ष एकट्यानेच फुटतो.

आजची बिनपक्षीय गावे

आता आजच्याकडे वळू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका आजही पक्षचिन्हावर होत नाहीत. म्हणजे कायद्याने पाहिले तर आपला प्रत्येक सरपंच अपक्षच आहे. पक्ष नसल्यामुळे गावातली जातीची उतरंड सैल झाली का? उलट 'बिनविरोध निवडणूक' हा मोठेपणाचा विषय बनला. बिनविरोध म्हणजे बहुतेक वेळा पाराजवळच्या चार घरांनी ठरवलेली यादी आणि वस्तीने दिलेली मुकी संमती. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाला त्या दोन्ही निवडणुका रद्द कराव्या लागल्या. तिथे कोणताही पक्ष नव्हता. पैसा होता आणि 'गावाचे एकमत' होते.

73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून राखीव जागा आल्या. या जागांवर संघटना नसलेला उमेदवार बसवला की काय होते याचे टोकाचे उदाहरण तामिळनाडूत सापडते. मदुराई जिल्ह्यातील पापापट्टी, कीरिपट्टी, नाट्टारमंगलम या पंचायतींचे अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झाले, तेव्हा प्रबळ जातीने 1996 पासून दहा वर्षे तिथे खरी निवडणूक होऊ दिली नाही. कधी कोणी अर्जच भरायचा नाही, कधी आपल्याच शेतावरच्या मजुराला उभे करून निवडून आणायचे आणि लगेच राजीनामा द्यायला लावायचा. कागदावर तोही अपक्षच! त्याच जिल्ह्यातल्या मेलवळवू येथे माघार न घेणारे पंचायत अध्यक्ष मुरुगेसन यांची आणि त्यांच्या पाच साथीदारांची 1997 मध्ये हत्या झाली. पापापट्टीत 2006 मध्ये निवडणूक पार पडली ती संघटनांनी आणि सरकारने वर्षानुवर्षे लावून धरल्यावर.

आपल्याकडे रक्त सांडण्याची वेळ दर वेळी येत नाही. पण सरपंचबाईच्या नावाचा शिक्का दुसऱ्याच्या खिशात आणि ग्रामसभेच्या वहीत सह्या आधीच, हे चित्र आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना नेहमी पाहतो. ती बाई कमकुवत नसते. तिला एकटी ठेवलेले असते. वलंगकरांनाही एकटेच ठेवले होते.

मग करायचे काय?

कोणत्या पक्षाला मत द्या हे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहिलेला नाही. अपक्षाला कधीच मत देऊ नका, असेही आमचे म्हणणे नाही. वस्तीच्या संघटनेने, महिला मंडळाने, कामगार संघटनेने एकत्र बसून उभा केलेला उमेदवार चिन्हाच्या दृष्टीने अपक्ष असू शकतो, पण तो मोकाट नसतो. म्हणून उमेदवार दारात आला की आपण त्याला चार प्रश्न विचारावेत.

तू उभा राहावास हे कोणी ठरवले, आणि त्या बैठकीला वस्तीतले कोण होते? निवडून आल्यावर अध्यक्ष निवडताना मत कोणाला देणार, हे आज सर्वांसमोर सांगशील का? मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेला निधी कुठे खर्च झाला याचा हिशेब दर वर्षी बुद्धविहारात येऊन वाचून दाखवशील का? आणि गावातल्या प्रतिष्ठितांनी एका बाजूला आणि आपल्या लोकांनी दुसऱ्या बाजूला हात वर केले, तर तुझा हात कोणाबरोबर वर जाईल?

चौथ्या प्रश्नावर जो म्हणेल "मी सगळ्यांचाच आहे", त्याला नम्रपणे 4 ऑगस्ट 1927 ही तारीख सांगावी. त्या दिवशी महाडच्या सभागृहातले सदस्यही सगळ्यांचेच होते.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. उमेदवार निवडून आल्यावर त्याच्या मागे आपण उभे राहणार आहोत का? ठराव झाल्यापासून तीन वर्षे महाडचे तळे बंदच होते. ते उघडले ते मोरे यांच्यासारख्या पोरांनी गावोगाव पायपीट करून माणसे जमवली तेव्हा. चांगला पुढारी शोधण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ जरी वस्तीची बैठक दर महिन्याला भरवण्यात घातला, तर सामान्य वकुबाचा माणूसही चांगला पुढारी होऊन दाखवील. बैठक नसेल, तर बाबासाहेबांचा फोटो घेऊन आलेला माणूसही पाच वर्षांत आपल्याला ओळखेनासा होईल.

जयभीम.